हसनभाईंचं खरं बीपी

मी काय काम करत होते, हे महाडात आजतागायत कुणाला नीट कळलेलं नाही. माझे वडील इथल्या कोर्टात कारकून होते. त्यांना कोणी विचारलं, "शुभदा मुंबईत काय करते हो?" तर ते छाती पुढे काढून सांगायचे, "हृदयाच्या हॉस्पिटलात मशीनवर आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं, एक्स-रे काढत असेल. एका काकूंनी तर मला भर लग्नाच्या पंगतीत गाठून स्वतःचा गुडघा पुढे केला होता. मीही समजावण्याच्या भानगडीत कधी पडले नाही. आता नोकरी संपली, मी महाडच्या घरी येऊन राहिले, आणि या अंकाच्या संपादकांनी पिच्छाच पुरवला, तेव्हा म्हटलं, एकदाचं सांगून टाकावं.

हृदय उघडून आतली झडप बदलायची तर ते आधी थांबवावं लागतं. धडधडत्या गोष्टीवर टाके कसे घालणार? तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम एक मशीन करतं. शरीरातलं काळपट रक्त जाड नळीनं बाहेर येतं, मशीनमध्ये त्याला प्राणवायू मिळतो, आणि पंप ते लालभडक रक्त परत शरीरात ढकलतो. त्या पंपासमोर स्टुलावर जी बाई बसलेली असते, ती मी. आमच्या कामाला पर्फ्युजनिस्ट म्हणतात. पेशंट सर्जनच्या पाया पडतात, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव तरी त्यांना माहीत असतं, आमचं मात्र बिलाच्या कागदावरसुद्धा नाव नसतं. सांगते एवढंच, की तास-दीड तास त्या माणसाचं हृदय म्हणजे मी असते. गर्व वाटला तर वाटू दे.

बिरवाडीच्या एका गृहस्थांनी मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारलं होतं, "आणि लाइट गेली तर?"

म्हटलं, "जनरेटर आहे. तो बंद पडला तर मशीनला बॅटरी आहे. ती पण गेली तर हँडल आहे."

"हँडल?"

"हो, रसाच्या गाडीवर असतं तसं. हातानं फिरवायचं."

गृहस्थांनी माझ्या दंडांकडे बराच वेळ बघितलं आणि काळजीनं म्हणाले, "तुम्ही जेवता ना व्यवस्थित?" त्यांच्या वेळी हँडलची गरज लागली नाही. दुसऱ्या एकाच्या वेळी लागली. अकरा मिनिटं फिरवलं, मग दोन दिवस मला वेणी घालता येत नव्हती.

पण ही झाली मजा. खरं काम असतं रक्तदाबाचं. पंप किती जोरानं चालवायचा, हे आमच्या हातात असतं. दाब फार कमी ठेवला तर मेंदूला आणि किडनीला रक्त पोचत नाही. फार वाढवला तर हृदयाच्या पोकळीत मागून रक्त झिरपायला लागतं, आणि सर्जनला नेमकं तिथेच बघून टाके घालायचे असतात. म्हणून सर्जनला दाब कमी हवा असतो आणि किडनीला जास्त. किडनीला तोंड नाही, त्यामुळे तिच्या बाजूनं भांडायचं कुणी? ते भांडण मी माझ्याकडे घेतलं होतं. टेबलाखाली लघवीची पिशवी टांगलेली असते, तिच्यात थेंब पडतायत की नाही, हे मी दर पाच मिनिटांनी वाकून बघायची. नवीन डॉक्टर हसायचे. हसू देत.

हे वाकून बघणं मी कुठे शिकले, तेही सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पोलादपूरजवळच्या कापड्याच्या एक अनसूयामावशी ऑपरेशनला आल्या होत्या. मी महाडची म्हटल्यावर त्यांना धीर आला. ऑपरेशन झकास झालं. मी दाब पुस्तकात लिहिलाय तसा ठेवला होता, कुणी चूक काढावी असं काही नव्हतं. पण मावशींच्या किडनीनं मान टाकली ती टाकलीच. हृदय ठणठणीत, आणि बाई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला. वर्षभरानं मी भेटायला कापड्याला गेले. मावशी ओटीवर बसल्या होत्या, पाय सुजलेले. मला म्हणाल्या, "तू गो काय करतेस तिथं?"

म्हटलं, "मशीन चालवते, मावशी. रक्त फिरवायचं."

"मग माझं मूत कुठं गेलं गो?"

त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. कापड्याहून महाडपर्यंत मी जीपमध्ये तोंड फिरवून रडत आले. त्यानंतर ठरवलं, की पुस्तकातला आकडा सगळ्यांना सरसकट लावायचा नाही. ज्याचं शरीर जन्मभर जास्त दाबावर चाललंय, त्याच्या किडनीला तेवढ्याच जोराची सवय झालेली असते. इमारतीत वरच्या मजल्याला मोटारीच्या जोरानं पाणी चढतं. मोटार काढून नुसता नगरपालिकेचा नळ जोडला तर खाली बादली भरते आणि वर थेंब येत नाही. तसंच हे. म्हणून पेशंटचं रोजचं, घरातलं बीपी काय असतं, हे आधी स्वतः विचारायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. आणि एवढं सगळं करून हसनभाईंच्या वेळी मी चुकले.

आमच्या हॉस्पिटलचे एक हृदयरोगतज्ज्ञ महिन्यातून एका रविवारी महाडला एका दवाखान्यात पेशंट बघायला यायचे. माझं गाव म्हणून मीही त्यांच्याबरोबर यायची, बाहेरच्या खोलीत बसून वजन, बीपी, कागदपत्रं बघायची. तिथे हसनभाई आले. तुडीलचे. वीस वर्षं गल्फमध्ये ट्रेलर चालवून आलेला माणूस, उंचापुरा, पांढरीशुभ्र दाढी, खिशाला तीन पेनं. आताशा नदीवरून घरापर्यंतचा चढ चढताना त्यांना धाप लागायची. झडप अरुंद झाली होती, बदलायलाच हवी होती. बरोबर त्यांची बायको, रुकय्याभाभी. बोलणं थोडं, सगळा वेळ नवऱ्याच्या फायलीवर हात ठेवून बसलेल्या.

मी बीपी घेतलं. एकशे अठ्ठावीस, ऐंशी.

हसनभाई आधी भाभींकडे आणि मग माझ्याकडे बघून खुशीत म्हणाले, "एकदम पास ना, ताई?"

"पास," मी म्हटलं, "पेढे काढा."

तिघंही हसलो. घरचं बीपी किती असतं, विचारलं. म्हणाले, "असंच असतं. गोळी चालू हाय." मी लिहून घेतलं. बस, इथेच माती खाल्ली.

आता बाहेरच्या वाचकाला सांगते. आमच्या गल्लीत अर्धी घरं गल्फवाल्यांची. तिकडं जायचं तर मेडिकल लागतं, आणि मेडिकलमध्ये बीपी जास्त निघालं तर व्हिसा लटकला. त्यामुळे इकडच्या बाप्यांनी बीपीची एक पद्धतच बसवून टाकलेली. मेडिकलच्या आधी आठ दिवस गोळ्या, आठ दिवस बिनमिठाचं जेवण, आणि त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर तासभर डोळे मिटून गप्प. मेडिकल झालं की गोळ्यांची उरलेली पट्टी कचऱ्यात. हे मी फ्रॉकात होते तेव्हापासून बघत आलेय. गल्फ सुटलं तरी सवय सुटत नाही. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की माणूस आठवडाभर आधी तयारीला लागतो. मुंबईच्या डॉक्टरला हे ठाऊक नसलं तर मी समजू शकते. मला ठाऊक नव्हतं, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

फायलीत खुणाही होत्या. हृदयाची भिंत जाड झाली होती. अरुंद झडपेमुळे ती जाड होतेच, असं म्हणून सगळे पुढे गेलो. वर्षानुवर्षांच्या चढ्या बीपीनंही ती जाड होते, हे काय आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं? किडनीचा रिपोर्टही किंचित वर होता. वयामुळे असेल, म्हटलं.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी. हॉस्पिटलात दाखल झाल्यावर नर्स वेळच्या वेळी गोळी देत होती, त्यामुळे तिथंही बीपी शहाण्या मुलासारखं. छाती उघडली, नळ्या बसल्या, मी पंप सुरू केला, हृदय थांबलं. पंपावर वरचा-खालचा असा वेगळा दाब नसतो, एकच सरासरी आकडा असतो; तो मी साठवर धरला, नॉर्मल बीपीच्या माणसाला पुरतो तेवढा. सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, जुनी झडप कापायला घेतली. सगळं कसं आखल्यासारखं.

मी वाकून पिशवी बघितली. थोडी लघवी होती. पाच मिनिटांनी बघितलं, तेवढीच. दहा मिनिटांनी, तेवढीच. भूल देणाऱ्या नीलिमा मॅडमना म्हटलं, "नळी कुठे दुमडली नाही ना?" त्यांनी तपासली. नळी मोकळी होती. पंपाचा जोर थोडा वाढवला, दाब पासष्टवर आला. पिशवीत थेंब नाही. मॅडम म्हणाल्या, "थोडी वाट बघू." वाट बघितली. कापड्याची ओटी डोळ्यांसमोर उभी राहिली, सुजलेल्या पायांसकट.

आणि एकदम हसनभाईंचा तो खुशीतला चेहरा आठवला. चांगलं बीपी आल्यावर माणसाला बरं वाटतं, हे ठीक. पण एवढं? मेडिकलला बसलेल्या माणसाला वाटतं तसं? मी स्वतःशीच म्हटलं, अगं बाई, शुभदे, तू महाडची ना!

पंप सोडून मला हलता येत नाही. माझी सहकारी मेघना शेजारी होती. तिला म्हटलं, "बाहेर त्यांची बायको बसलीय. पळ. विचार, गोळी नसताना घरी बीपी किती यायचं?"

मेघना गेली आणि तशीच परत आली. "त्या म्हणतात, सगळं फाइलमध्ये लिहिलंय."

मला राग आला, पण तो भाभींचा नव्हता. खोटं उघडं पडलं तर ऑपरेशन अर्ध्यावर थांबवतील, नवऱ्याला बाहेर काढतील, अशी भीती त्या बाईच्या मनात असणार. "परत जा," मी म्हटलं. "सांग, महाडच्या शुभदाताईंनी विचारलंय. ऑपरेशन कोणी थांबवणार नाही. कोणी रागावणार नाही. पण खरं कळलं नाही तर हसनभाईंची किडनी जाईल. अगदी ह्याच शब्दांत सांग."

या खेपेला मेघनाला वेळ लागला. आली ती धापा टाकत. भाभी आधी रडल्या म्हणे, मग एका दमात सगळं बोलल्या. गोळी फक्त डॉक्टरकडे जायच्या आधी आठ दिवस. एरवी नाही. मुलानं गल्फवरून बीपीचं मशीन पाठवलं होतं, त्यावर एकशे नव्वद, कधी दोनशे यायचं. हसनभाई म्हणाले, मशीन खराब हाय, खोटं दाखवतं. आणि ते कपाटात ठेवून दिलं.

मी म्हटलं, "सर, दाब वाढवायला हवा. ऐंशीच्या वर."

सरांनी मान वर केली नाही. "अजिबात नाही. मला इथे कोरडं हवंय."

"लघवी बंद आहे, सर. अर्धा तास झाला."

"बीपी कंट्रोलमध्ये होतं. फाइलवर आहे."

"फाइल खोटी आहे."

ऑपरेशन थिएटरात असं कोणी बोलत नाही. नीलिमा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सर म्हणाले, "कोण म्हणतं?"

"त्यांची बायको. हा माणूस वर्षानुवर्षं एकशे नव्वदवर जगलाय, सर. साठवर त्याच्या किडनीला काहीच पोचत नाहीये. तुम्हाला रक्ताचा त्रास होईल, मला कळतंय. तो मी ओढून घेईन, जितकं येईल तितकं. पण दाब मी वाढवणार."

'वाढवू का' म्हणायला हवं होतं. तोंडातून 'वाढवणार' गेलं. हातातली सुई पुढे सरकवत सर म्हणाले, "वाढवा. आणि सक्शन चोख ठेवा. मला दिसलं पाहिजे."

आधी पंपाचा जोर वाढवला. नुसत्या औषधानं रक्तवाहिन्या आवळल्या तर दाब दिसायला छान दिसतो, पण किडनीच्या वाहिन्याही आवळल्या जातात, म्हणून औषध मागून आणि जपून. मॅडमनी थेंबाथेंबानं दिलं. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी. ब्याऐंशीवर मी धरून ठेवलं. सरांच्या समोर रक्त झिरपत होतं, मी ते ओढून पंपात परत घेत होते, सर पुटपुटत होते, आणि मी त्यांचं पुटपुटणं ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. पंधरा मिनिटं गेली. वाकून बघितलं. काही नाही. वीस मिनिटं. मग नळीत एक थेंब लोंबकळताना दिसला, पडला, आणि त्याच्यामागे दुसरा आला. मेघना मोठ्यानं म्हणाली, "आली!" एरवी या शब्दावर कोणी टाळ्या वाजवणार नाही, पण मला त्या वेळी वाजवाव्याशा वाटल्या.

झडप बसली. हृदय पहिल्या झटक्यात सुरू झालं. पण तो अर्धा तास तर गेला होता. दुसऱ्या दिवशी किडनीचा रिपोर्ट चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी चढला, लघवी कमी, आणि डायलिसिसचं मशीन हसनभाईंच्या पलंगाशेजारी आणून उभं केलं. भाभींनी ते बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, मी पयल्याच वेळी तोंड उघडलं असतं तर?"

खोटं सांगून सांत्वन करणं मला जमत नाही. म्हटलं, "दहा मिनिटं वाचली असती, भाभी. पण मी रविवारी महाडलाच नीट विचारलं असतं तर सगळीच वाचली असती. मला माहीत होतं, इकडे लोक काय करतात ते. चूक माझी मोठी आहे."

भाभींनी माझा हात धरला. मी ड्युटी संपवून कपडे बदलले आणि परत त्यांच्याशेजारी येऊन बसले. घरी जाऊन मला बसवलं नसतं.

त्या दुपारी लघवी वाढायला लागली. नर्स तासातासाला आकडा सांगायची आणि आम्ही दोघी बोटांवर मोजायचो. चौथ्या दिवशी रिपोर्ट एका जागी थांबला, पाचव्या दिवशी उतरला. ते मशीन न वापरताच ढकलत बाहेर नेलं. हसनभाईंना शुद्धीवर आल्यापासून काय चाललंय याचा पत्ता नव्हता. त्यांना मी सगळं सांगितलं, भाभींच्या देखत, काहीही न गाळता. दाढी कुरवाळत ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "मशीन बरोबर दाखवत व्हता म्हणजे."

"हो. मशीन बरोबर होतं."

"वीस वरसं पास झालो, ताई."

"झालात ना. त्याचंच हे."

दोन महिन्यांनी महाडच्या रविवारी ते परत आले. चालत आले, धाप न लागता. बरोबर भाभी, आणि चौतीस-पस्तीसचा एक गडी. हा मुलगा, इम्तियाज. बीपीचं मशीन पाठवणारा तोच. सुटीवर आला होता, नव्या कंपनीत जायचं होतं. हसनभाईंचं बीपी मी घेतलं. एकशे अडतीस, शहाऐंशी. रोजच्या गोळीवरचं, घरच्या जेवणातलं, खरंखुरं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं उतरवू. मला वाटलं, झालं आता. मी पट्टा गुंडाळायला घेतला.

"थांबा," हसनभाई म्हणाले. मग मुलाकडे वळले. "बस."

इम्तियाज उभाच. "अब्बा, पुढल्या आठवड्यात माझं मेडिकल हाय."

"म्हणूनच बस."

"मी परवापासून गोळी चालू करणार हाय. मेडिकलच्या दिवशी नॉर्मल येईल. आज कशाला?"

"ती पट्टी मी काल तुझ्या ब्यागेतून काढून घेतली," हसनभाई शांतपणे म्हणाले. भाभींनी पदर तोंडाला लावला.

"व्हिसा गेला तर, अब्बा? घर कोण चालवणार?"

हसनभाईंनी शर्टाची वरची बटणं सोडली आणि छातीवरचा ताजा, लांबलचक व्रण पोराला दाखवला. "ह्याच्यावर घर चाललं. तुझ्या आईला विचार, कसं चाललं ते. बस तू."

इम्तियाज बसला. बाही वर केली. त्याचा हात थंड होता. मी सावकाश पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. एकशे सत्तर, एकशे सहा. जेमतेम पस्तिशीचा माणूस. मी काही बोलायच्या आधीच त्याला कळलं.

"परत एकदा बघा," तो म्हणाला.

मी पाच मिनिटं थांबून परत बघितलं. तेवढंच आलं. माझ्यासमोर कोरा केसपेपर होता. आजचा आकडा त्यावर गेला की तो डॉक्टरांपर्यंत जाणार, रोजची गोळी सुरू होणार, बीपी खरंच आटोक्यात येईपर्यंत मेडिकल पुढे ढकलावं लागणार, कदाचित नोकरीही हातची जाणार. हे त्या तिघांनाही माझ्याइतकंच कळत होतं. मी पेन हातात धरून हसनभाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"लिवा, ताई," ते म्हणाले. "जो आला तोच लिवा."